लग्नाची फिल्म : बघायची की ऐकायची?

मंडळी, हल्ली लग्न झालं की महिन्या-दीड महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक येते. आपण ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोन आडवा धरून ती उघडतो. आधी ड्रोनमधून हॉटेल दिसतं. हॉटेल कसलं, त्याचा पार्किंग लॉटच म्हणा ना! मग हँगरला लटकवलेला शालू. मग नवऱ्यामुलाच्या मनगटावर घड्याळ बांधलं जातं, तेही इतक्या सावकाश की जणू रॉकेटच सुटणार आहे. मागे पियानो. नवरी आरशात बघते, आई डोळे पुसते, मित्र नाचतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता बर्फासारख्या तरंगत खाली येतात... आणि साडेतीन मिनिटांत लग्न संपतं. आपण "सुंदर!" लिहितो, एक अंगठा पाठवतो आणि पुढच्या मीटिंगला जातो.

आपण खोटं लिहीत नाही. ती फिल्म सुंदर असतेच. पण एक प्रयोग करून बघा. तीच फिल्म आवाज बंद करून पुन्हा लावा. काही हरवल्यासारखं वाटतं का? मला तरी बहुतेक वेळा काहीच हरवल्यासारखं वाटत नाही. एक पियानो गेला, एवढंच. ज्या दिवशी शंभर-दोनशे माणसं सकाळी आठपासून रात्री बारापर्यंत अखंड बोलत, गात, हाका मारत, रुसत आणि हसत होती, त्या दिवसाच्या चित्रपटात एकाही माणसाचा आवाज नाही! माझी सगळी तक्रार इथे आहे.

आता ही तक्रार करणारा मी कोण? पेशाने आयटी कन्सल्टंट. २००४ साली एमएस करायला अमेरिकेत आलो आणि इतरांसारखाच न्यू जर्सीत रुजलो. सोमवार ते शुक्रवार बँकांच्या डेटाबेसची सेवा, आणि उन्हाळ्यातले बरेचसे शनिवार-रविवार लोकांच्या लग्नात कॅमेरा खांद्यावर. सुरुवात हौसेने झाली. विद्यार्थी असताना रूममेटच्या लग्नात एक छोटा मिनी-डीव्ही कॅमेरा हातात आला, तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. एच-वनवर असताना, ज्या कंपनीने व्हिसा केला तिच्याशिवाय दुसरीकडे काम करून पैसे घेता येत नाहीत. म्हणून ग्रीन कार्ड येईपर्यंत फक्त मित्रमंडळींच्या लग्नात, पाहुणा म्हणून, पोटभर जेवणावर शूटिंग केलं! नंतर रीतसर पैसे घेऊ लागलो. तेव्हा हे परीक्षण बाहेरच्या समीक्षकाचं नाही. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाने आमटीची चव घेऊन केलेली ही कुरकुर आहे.

आधी थोडं मागे जाऊ या. आपल्यातल्या ज्येष्ठांच्या घरी, तळघरातल्या एखाद्या खोक्यात, लग्नाची व्हीएचएस कॅसेट असेलच. लग्न दादरला किंवा पुण्याला झालेलं, म्हणजे कॅसेट पाल पद्धतीची, ६२५ रेषांची, सेकंदाला २५ चित्रांची. इथला व्हीसीआर एनटीएससी पद्धतीचा, ५२५ रेषांचा, सेकंदाला ३० च्या आसपास चित्रांचा. त्यामुळे भारतातून जपून आणलेली कॅसेट इथे लावली की पडद्यावर नुसत्या लोळणाऱ्या पट्ट्या! मग कुणाकडे मल्टिसिस्टिम व्हीसीआर आहे याचा शोध, आणि त्याच्या घरी चहापोह्यांसकट सामुदायिक दर्शन.

त्या कॅसेटची आपण खूप थट्टा केली. केली ती बरोबरच होती. शूटिंगवाल्याबरोबर एक पोऱ्या हॅलोजनचा दिवा घेऊन फिरायचा. तो दिवा तोंडावर आला की जेवणाऱ्या माणसाचा घास तसाच हातात राहायचा. नवरा-नवरी बदामाच्या आकारात फिरत यायची, गुलाबाच्या पाकळ्यांतून आजोबा प्रकट व्हायचे. आहेराची रांग चाळीस मिनिटं. कला म्हणाल तर शून्य! पण त्या कॅसेटमध्ये एक गोष्ट होती. कॅमेऱ्यावरचा माइक सतत चालू असायचा. त्यामुळे पंगतीतला "अहो, मठ्ठा आणा इकडे" ऐकू यायचा. मामा मुलीला घेऊन येताना कुणीतरी "अगं, पदर सांभाळ तिचा" म्हणायचं, तेही टेपवर यायचं. शूटिंगवाल्याने हे ठरवून टिपलं नव्हतं. गाळण्याची सोय नव्हती, म्हणून ते राहिलं.

मग हा आवाज गेला कुठे? माझ्या मते तो तंत्राच्या वाटेने गेला, आणि त्याला एक साल देता येतं. २००८ च्या सप्टेंबरमध्ये कॅननने फाइव्ह-डी मार्क टू हा कॅमेरा जाहीर केला. दिसायला फोटोचा कॅमेरा, पण मोठा सेन्सर आणि पूर्ण एचडी व्हिडिओ. मागची पार्श्वभूमी विरघळून जाते आणि चेहरा तेवढा उठून दिसतो, ही सिनेमाची जादू पहिल्यांदाच लग्नवाल्यांच्या खिशाला परवडू लागली. आम्ही सगळे त्याच्या प्रेमात पडलो. पण आवाजाच्या बाबतीत तो कॅमेरा सावत्र आईसारखा होता. अंगचा माइक बारीकसा मोनो. हेडफोन लावायला जागाच नाही, म्हणजे काय रेकॉर्ड होतंय ते ऐकायची सोय नाही. आवाजाची पातळी हाताने ठरवायची सोय २०१० साली नव्या फर्मवेअरमधून आली. शिवाय एक शॉट साधारण बारा मिनिटांच्या पुढे जायचा नाही. आता सांगा, आपला विधी बारा मिनिटांत थांबतो का?

मग लोकांनी सोपा मार्ग काढला. छोटे छोटे सुंदर तुकडे घ्यायचे आणि वर गाणं टाकायचं. त्यात स्लो मोशनची भर पडली. सेकंदाला ६० चित्रं घेऊन ती २४ च्या वेगाने दाखवली की एक सेकंद अडीच सेकंदांचा होतो. चित्र मोहक होतं, पण त्याबरोबरचा आवाज ओढून लांबवला तर माणूस बोलतोय की बैल हंबरतोय ते कळत नाही. म्हणून आवाज काढून टाकायचा. चांगल्या आवाजाची सोय नव्हती तेव्हाची ती तडजोड होती. आता खिशात मावणारा बिनतारी कॉलर माइक दोन-तीनशे डॉलरमध्ये मिळतो. पण तडजोडीची शैली झाली, शैलीची फॅशन झाली, आणि फॅशनचं पॅकेज झालं!

दुसरं कारण सिनेमाचं. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'ने आपल्या लग्नांना नाच आणि बूट पळवणं शिकवलं. माझ्या लहानपणच्या साताऱ्याकडच्या लग्नांत नवऱ्याचे बूट कुणी पळवलेले मला आठवत नाहीत. नवरीच्या भावाने कान पिळायचा, एवढीच काय ती दंडेली. पुढे २००१ साली मीरा नायर यांचा 'मॉन्सून वेडिंग' आला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च सन्मान, गोल्डन लायन मिळाला. आमच्या धंद्यातले बरेच जण आजही त्याचं नाव घेतात, कारण तो हातात धरलेल्या कॅमेऱ्याने, एखाद्या घरातलाच माणूस शूटिंग करतोय असा चित्रित केला आहे. पण त्यातून आपण घेतलं काय? झेंडूची फुलं, पाऊस आणि हलता कॅमेरा. त्या सिनेमाचा खरा जीव आहे तो एकमेकांत मिसळलेल्या बोलण्यात. पंजाबी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात. मंडपवाल्याशी बापाची पैशांवरून हुज्जत. आणि त्या सगळ्या गोंगाटाखाली घरातली एक मुलगी वर्षानुवर्षं गप्प असते, ती अखेर बोलते, तेव्हा सगळं घर हलतं. त्या सिनेमाचा आवाज बंद करून बघा बरं! झेंडूची फुलं सोडून हातात काही उरत नाही.

आता मराठी लग्नाकडे येऊ. इतरांच्या लग्नांशी तुलना करायची नाही, पण आपलं लग्न दिसायला तसं साधंच. आपल्याकडे घोडा नाही, तलवार नाही, झुंबरं नाहीत. (हल्ली असतात, पण ती उसनी!) आपल्या लग्नाची सगळी नाट्यमयता कानात आहे. अंतरपाट धरलाय. पलीकडे काय चाललंय ते दोघांनाही दिसत नाही, ती फक्त ऐकताहेत. आत्या गाते, काकू गाते, मग कुणीतरी स्वतः रचलेलं मंगलाष्टक घेऊन उभं राहतं. त्यात दोन्ही घरच्या सगळ्यांची नावं कोंबलेली असतात आणि वृत्ताचे हाल झालेले असतात. प्रत्येक अष्टकाच्या शेवटी "सावधान" आलं की अक्षता उडतात, पण अंतरपाट अजून तसाच! लोक घड्याळ बघतात. मुहूर्त जवळ येतो, गुरुजींचा सूर चढतो, आणि शेवटच्या "सावधान"ला वाजंत्री, टाळ्या, अक्षता, सगळं एकदम कोसळतं. ही दहा-पंधरा मिनिटं म्हणजे हळूहळू ताणत नेलेली दोरी आहे. तिचा चार सेकंदांचा स्लो मोशन शॉट केला की दोरी तुटल्याचं दिसतं, पण ती ताणली गेली होती हे कळतच नाही. पियानो कितीही गोड असला तरी हा ताण आणू शकत नाही.

उखाण्यांचं तसंच. इथे जन्मलेल्या एका मुलीने गृहप्रवेशाला घेतलेला उखाणा माझ्याकडे आहे : "जीपीएसच्या बाईने दाखवली वाट, आदित्यचं नाव घेते धरून त्याचा हात." (नाव बदललंय.) 'वाट'मधला 'ट' अमेरिकन, 'हात'मधला 'त' त्याहून अमेरिकन, आणि मागून सासूबाईंचं "अगं बाई, यमक जुळवलं की गं!" हे सहा सेकंद. पण त्यांत त्या घराची दोन पिढ्यांची सगळी कहाणी आहे. यावर कुठलं गाणं टाकणार?

इथे कुणी तरुण मला थांबवील. थांबवतातच. "काका, पाच मिनिटांपेक्षा जास्त कोण बघतं? आणि आम्हाला आमचं लग्न असंच आठवायचंय." हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. तीन तासांची कॅसेट आपण तरी किती वेळा बघितली? शिवाय आजची मुलं-मुली चित्र फार उत्तम घेतात. अंधाऱ्या हॉलमध्ये नुसत्या समईच्या उजेडात आजीचा चेहरा पकडणं हे आमच्या हॅलोजनवाल्याला सात जन्मांत जमलं नसतं. फिल्म छोटी असायलाही माझी हरकत नाही. माझा प्रश्न एवढाच, की ती कुणासाठी केली आहे? साडेतीन मिनिटांची मूक फिल्म पहिल्या आठवड्यासाठी आणि अनोळखी लोकांसाठी असते. घरच्यांना ती खरी लागते वीस वर्षांनी, आणि तेव्हा त्यांना त्यात वेगळंच काही शोधायचं असतं.

हे मी नुसतं भावनेच्या भरात म्हणत नाही. डग ब्लॉक नावाचे न्यूयॉर्कचे एक माहितीपट दिग्दर्शक आहेत. पोटापाण्यासाठी त्यांनी जवळपास वीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं, आणि मग त्यांतल्या काही जोडप्यांकडे पुन्हा कॅमेरा घेऊन गेले, 'कसं चाललंय?' असं विचारायला. त्यातून २०१४ साली '११२ वेडिंग्ज' हा माहितीपट झाला. कुणाचा घटस्फोट झालेला, कुणाच्या घरी आजारपण, कुणी आहे तिथेच समाधानी. लग्नाच्या दिवसाचं जुनं चित्रण आणि आजचं बोलणं शेजारी शेजारी येतं, तेव्हा जुन्या टेपमधलं एखादं साधं वाक्य अचानक जड होतं. लग्नाचं चित्रण करणाऱ्या प्रत्येकाने हा माहितीपट बघावा. त्या दिवशी कुठलं वाक्य महत्त्वाचं ठरणार आहे हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं, हे त्यातून पक्कं कळतं. आणि ठाऊक नसतं म्हणूनच ते गाळायचा अधिकार एडिटिंग करणाऱ्याने फार जपून वापरायला हवा.

याचं उदाहरण आपल्यातलंच देतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या लग्नात तिचे बाबा रिसेप्शनला बोलले. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. मध्येच विसरले, आणि माइकवरच बायकोला म्हणाले, "काय गं, पुढे काय होतं?" सगळा हॉल हसला. फिल्ममध्ये या भाषणाचे काही सेकंद आले. ओठ हलताहेत, बाबा हसताहेत, वर गिटार. चौथ्या वर्षी बाबा गेले. तिने स्टुडिओला लिहिलं, की मूळ चित्रण असेल तर पाठवा. उत्तर आलं, की करारात लिहिल्याप्रमाणे ९० दिवसांनंतर ते पुसून टाकलं आहे. स्टुडिओने कराराबाहेर काही केलं नव्हतं. करारच तसा होता, आणि सही करताना तो कुणी त्या नजरेने वाचला नव्हता. शेवटी एका मावसभावाच्या जुन्या फोनमध्ये ते भाषण सापडलं. चित्र हलतंय, समोर कुणाचं तरी डोकं, ताटांचा खणखणाट, आणि कुणाचं तरी पोर सतत गुलाबजाम मागतंय. ती मुलगी आज तेवढंच लावते. हजारो डॉलरची फिल्म कपाटात आहे.

आणखी एक पुरावा आपण सगळ्यांनी मिळूनच गोळा केलाय. २०२० साली कोविडमध्ये कितीतरी लग्नं झूमवर झाली. इथे बॅकयार्डात दहा माणसं, तिकडे पुण्या-मुंबईत रात्र जागवत बसलेले आजी-आजोबा. चित्र धूसर, नवरीचा चेहरा टपाल तिकिटाएवढा. त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. पण चॅटमध्ये एकच वाक्य पुन्हा पुन्हा यायचं : "आवाज येत नाहीये! आवाज येत नाहीये!" आपल्याला लग्नात काय हवं असतं, हे आपणच तिथे लिहून ठेवलं आहे.

मग चांगली फिल्म असते तरी कशी? शिकागोकडच्या एका मुलाने केलेली सहा मिनिटांची फिल्म मी पाहिली. त्यात गाणंच नव्हतं. सुरुवातीला काळ्या पडद्यावर फोनवरून आजीचा आवाज. ती आपलं मंगलाष्टक सूर लावून बघतेय. मग लग्नाची तयारी दिसत राहते आणि आजी गातच असते. प्रत्यक्ष मांडवात तिसऱ्या ओळीला तिला दम लागतो, आणि शेजारून तिचा मुलगा ती ओळ उचलतो. एडिटिंग करणाऱ्याने तिथे काहीही केलं नाही. दम लागलेला ठेवला, थांबलेला क्षण ठेवला. मी ती फिल्म सलग दोनदा बघितली. ड्रोन त्यातही होता, पण एकदाच, आणि त्याच्याखाली आजीचा आवाज होता.

या धंद्यात येऊ पाहणारी काही तरुण मंडळी मला विचारतात, की आधी ड्रोन घेऊ का? घ्या बापडे. पण पैसे घेऊन ड्रोन उडवायचा तर २०१६ पासून एफएएचं पार्ट १०७ प्रमाणपत्र लागतं. ६० प्रश्नांची परीक्षा, ७० टक्क्यांना पास. एवढा अभ्यास पार्किंग लॉट वरून दाखवण्यासाठी करायचा, तर त्याच्या निम्मा तरी आवाजाचा करा. नवरामुलगा सोवळं नेसून बसला की त्याला कॉलरच नसते, मग कॉलर माइक लावणार कुठे? उपरण्याला लावला तर होमाच्या वेळी उपरणं सरकतं. म्हणून मी एक माइक गुरुजींना लावतो आणि एक छोटा रेकॉर्डर चौरंगाच्या पायाशी ठेवतो. एक वायर डीजेच्या मिक्सरमधून घेतो, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहत नाही, कारण डीजेचा हात कधी कुठल्या बटणावर जाईल ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बायकांना आधी गाठून, माइक हनुवटीखाली धरा, एवढी विनंती करतो. त्यांतल्या निम्म्या ऐकतात. आणि घरच्यांना तीन गोष्टी देतो : जगाला दाखवायला चार मिनिटांची फिल्म, घरात बघायला वीस-पंचवीस मिनिटांची, आणि एका हार्ड डिस्कवर सगळं मूळ चित्रण, न कापता. त्या डिस्कच्या आणखी दोन प्रती करून त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवा, असंही सांगतो. डेटाबेसवाला आहे ना मी, बॅकअपशिवाय झोप लागत नाही!

तेव्हा मंडळी, तुमच्या घरी कार्य निघालं असेल तर केटररला जेवढे प्रश्न विचारता त्याच्या पाव हिश्शाने तरी व्हिडिओवाल्याला विचारा. आवाज कसा घेणार? मंगलाष्टकं पूर्ण रेकॉर्ड करणार का? भाषणं अखंड मिळतील का? मूळ चित्रण आम्हाला देणार का, आणि तुमच्याकडे किती दिवस ठेवणार? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं करारात लिहून घ्या. गाण्याचंही विचारा. २००७ पासून यूट्यूबवर कॉन्टेंट आयडी नावाचा पहारेकरी बसलाय. हिंदी सिनेमातलं गाणं टाकलेली फिल्म तिथे चढवली, तर कधी आवाज बंद होतो, कधी फिल्मच अडते. आत्याच्या मंगलाष्टकावर असा हक्क सांगायला कोण येणार!

आणि तळघरातली ती पाल कॅसेट एवढ्यात टाकून देऊ नका. व्हीसीआर बनवणं कंपन्यांनी बंद केलंय आणि चुंबकीय टेप हळूहळू विरत जाते, पण कॅसेटचं डिजिटल रूपांतर करून देणारी दुकानं अजून आहेत. या हिवाळ्यात तेवढं एक काम उरकून घ्या. रूपांतर होऊन आलं की मुलांना शेजारी बसवा. बदाम आणि गुलाबाच्या पाकळ्या बघून ती पोट धरून हसतील, त्यांना हसू द्या. मधेच मुलं विचारतील, "हा आवाज कुणाचा?" तेव्हा टीव्ही थांबवा आणि सांगा.